दत्तरावांचा पारा

मानवतच्या सराफ गल्लीत दत्तराव सोनारांइतका थंड माणूस नव्हता. गिऱ्हाइकानं एकाच नथीला वरचेवर नावं ठेवली तरी हा गडी "बरं" म्हणून पुन्हा मोडायला घेई. त्यामुळं त्यांनी चहाची कपबशी भिंतीवर फेकली, तेव्हा गल्लीनं हातातली कामं टाकून बातमी घरोघर पोचवली.

"चहा हाय का काय? तोंडात तांब्याचा पैसा धरल्यागत लागायलंय!"

बायकोच्या, कस्तुराबाईच्या चहावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. तो अपमान तिनं गिळला. पण नवऱ्याचे हात थरथरायचे, हिरड्यांतून रक्त यायचं, झोप उडालेली, आणि गिऱ्हाईक दिसलं की हे लाजून आत पळायचे. तिनं सगळ्याची बेरीज केली, उत्तर आलं दारू. तोंडाचा वास घेतला, तर दारूचा नव्हता. हिशेब जुळेना म्हणून ती अजूनच भडकली.

"मी पूर्ण्याला भावाकडं चालले," ती पिशवी भरत म्हणाली. "पारा उतरला की कळवा."

"जा की!" दत्तराव ओरडले, आणि तावातावानं पिशवीच्या बंदांची गाठ मारायला बसले. गाठ बसेना. मुंगीच्या पायाएवढ्या कड्या जोडणारी ती बोटं नुसतीच हलत राहिली.

ते बघून कस्तुराबाईनं पिशवी कोपऱ्यात सारली आणि नवऱ्याला परभणीच्या एस.टी.त बसवलं. विद्यापीठ नामांतराच्या मोर्चानं गाडी वाटेत थांबली, तर दत्तरावांनी त्याबद्दल कंडक्टरला झापलं.

परभणीत डॉक्टर गोविंदरावांनी विचारलं, "काय होतंय?"

"यांचा पारा लय चढायलाय, साहेब."

हिरड्या बघता बघता डॉक्टर थांबले. "पारा? धंदा काय यांचा?"

"सोनार हायती. पोखर्णीच्या नरसिंहाच्या चांदीच्या दागिन्यांला सोन्याचा मुलामा द्यायलेत. सोनं पाऱ्यात कालवून लावायचं, मग शेगडीवर पारा उडवायचा."

"खिडक्या उघड्या ठेवून ना?"

"छ्या!" दत्तराव तडकले. "वाऱ्यानं सोन्याची कणी उडाली म्हंजे?"

"कणी वाचली. पारा उडून कुठं गेला?"

दत्तरावांनी वर छताकडं बघितलं.

"बाई, पारा खरंच चढलाय, नाकातून. त्या वाफेला ना रंग ना वास. थरथर, हिरड्या, राग, तोंडाची चव, सगळी त्याचीच करणी. हे काम बंद. लेकरांना, गरोदर बाईला त्या खोलीत फिरकू देऊ नका. सांडलेला पारा झाडूनं लोटू नका, अजून पसरतो. आणि दोघांचीही लघवी तपासायला मोठ्या दवाखान्यात द्या."

बातमी वाईटच होती. तरी कस्तुराबाईचा चेहरा उजळला, कारण चहा निर्दोष सुटला होता.

देवानं नुसत्या चांदीवर भागवलं. हात मात्र सावकाश सुधारले. संक्रांत जवळ आली तेव्हा कुठं दत्तरावांच्या हातातली कपबशी वाजायची थांबली. एका सकाळी ते म्हणाले, "आज चहा बरा झालाय."

"आज? म्हंजे रोज काय पाणी पाजायले का मी? चालले पूर्ण्याला!"

"जा की," दत्तराव शांतपणे म्हणाले. उठून त्यांनी खिडकी उघडली, कोपऱ्यातली रिकामी पिशवी आणली आणि एका झटक्यात बंदांची गाठ मारून दिली.

ती इतकी पक्की बसली, की कस्तुराबाईला सुटेना. लुगडी बाहेरच राहिली, आणि जाणंही राहिलं.