एक्केचाळीस टक्के

क्रांतीनं भावाच्या हातावर कातर मारली ती शनिवारी सकाळी, पावणेअकराच्या सुमाराला. त्याआधीचे पाच दिवस घरात एकच विषय होता: कॉम्प्युटरवर विंडोज दहा ठेवायचं, की अकरा टाकायचं.

कसबा बावड्यात, कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला त्यांचं घर. बाप बाळासो कारखान्याच्या बॉयलरवर तीस वर्षं काढून आता घरी बसला होता. आई तानाबाई. धाकटा विश्वजित चोवीस वर्षांचा, पोलीस भरतीत दोनदा नापास झालेला. क्रांती त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. तो तिला आक्का म्हणायचा.

दोन वर्षांमागं ती कागलहून परत आली, ती मोडलेलं मनगट घेऊन. नवऱ्यानं, सयाजीनं, तिचा डावा हात दाराच्या फटीत धरून दार ओढलं होतं. मनगटात आतून लोखंडी पट्टी बसवावी लागली. त्याच आठवड्यात बाळासो आणि विश्वजित तिला गाडीत घालून कागलला गेले आणि सयाजीला त्याच्याच अंगणात पाडून मारला. बापानं छातीवर गुडघा रोवला, भावानं लाथा घातल्या. सयाजीचा एक दात फरशीवर पडला. गाडीच्या काचेतनं क्रांतीनं ते सगळं बघितलं आणि तिला बरं वाटलं. आपल्या मागं माणसं आहेत, असं वाटलं.

कॉम्प्युटर दोघांचा होता, आणि तिथंच घोळ होता. डबा, म्हणजे सीपीयू, क्रांतीचा, तिच्या डिप्लोमाच्या वेळचा. लहानपणी विश्वजितला शेजारी बसवून तिनं त्याच्यावरच गाड्यांची शर्यत खेळायला शिकवली होती. ती लग्न होऊन गेल्यावर त्यानं त्यात मोठं ग्राफिक्स कार्ड घातलं, लाल दिव्यांचे पंखे बसवले, रुंद स्क्रीन आणला. आता सकाळपासून दोनपर्यंत क्रांती त्यावर ब्लाऊजच्या भरतकामाची डिझाइनं काढायची आणि शेजारच्या एम्ब्रॉयडरी मशीनला पाठवायची. दोननंतर कॉम्प्युटर विश्वजितचा.

तो 'रणभेरी' नावाचा गेम खेळायचा. पाच जणांचा संघ, त्यातला तो कप्तान. पुण्याची, नागपूरची पोरं हेडफोनमधून त्याला "कप्तान, काय करायचं?" असं विचारायची. घरात त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

डिसेंबरात गेमवाल्यांनी सांगितलं, नवा सीझन फक्त अकरावर चालेल. रविवारी संध्याकाळी राज्याच्या स्पर्धेची निवड होती.

"आक्का, अकरा टाकल्याबिगर गेम उघडतच न्हाय," विश्वजित सोमवारी म्हणाला.

"आणि माझी किल्ली चालली न्हाय तर?"

तिचं डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं होतं. डब्याच्या मागं पेनड्राइव्हसारखी एक किल्ली लावल्याशिवाय ते उघडायचं नाही, आणि ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती.

"चालंल की."

"कशावरनं? पुढच्या बुधवारी त्या पलीकडच्या गल्लीतल्या अनुजाचं लग्न हाय. नऊ ब्लाऊज राहिल्यात माझं. लग्न झालं की टाक, मी न्हाय म्हणणार न्हाय."

"पुढच्या बुधवारी टाकून काय करू? रविवारी मॅच हाय, रविवारी!"

गुरुवारी तिनं शाहबाजला बोलावलं. शाहबाज बाजारगल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, विश्वजितच्या वर्गातला. त्यानं डबा उघडला, टॉर्च मारला, किल्ली काढून बघितली.

"ताई, खरं सांगू? चालंल बी, न्हाय बी चालायचं," तो म्हणाला. "विश्वा, एक कर. दुसरी डिस्क बसवू. तिच्यावर अकरा, हिच्यावर दहा. ज्याला जे पायजे ते त्यानं चालू करायचं. पण डिस्क सोमवारी येतीया."

"सोमवारी काय तिची पूजा घालू?" विश्वजित म्हणाला आणि त्यानं दारावर बुक्की मारली. प्लायवूडला भेग गेली. शाहबाजनं डब्याचं झाकण लावलं. आपलं सामान गोळा करून जाताना तो क्रांतीकडं बघत हळूच म्हणाला, "ताई, जरा जपून."

शुक्रवारी जेवताना विषय परत निघाला. बाळासो भाकरी मोडत म्हणाला, "मशीन पोराचं हाय. टाकू दे त्याला काय टाकायचं ते."

"आबा, डबा माझा हाय."

"डबा तुझा?" बाळासोनं ताट उचललं आणि भिंतीवर आपटलं. आमटी क्रांतीच्या केसांवर उडाली. "माझ्या घरात ऱ्हातीस, माझं खातीस, आणि डबा तुझा? तोंड वर करून बोलतीस म्हणूनच तिकडं मार खाल्लास!"

तानाबाई खाली बसून सांडलेला भात आणि भाकरीचे तुकडे गोळा करायला लागली. क्रांतीनं आईकडं बघितलं. आईनं मान वर केली नाही.

त्या रात्री क्रांतीनं कॉम्प्युटरची वीजवायर काढून उशाखाली घेतली.

शनिवारी सकाळी वायर लावणं भागच होतं. साडेनऊपर्यंत तिनं दोन बाह्यांची डिझाइनं पाठवली, भरतकामाची मशीन सुरू झाली, आणि तयार झालेला ब्लाऊज अनुजाच्या अंगावर बसतो का ते बघायला ती तिच्याकडं गेली. दोन गल्ल्या पलीकडंच घर. पण अनुजाला गळा थोडा मोठा हवा होता, मग चहा झाला, आणि तिला परतायला तास लागला.

खोलीत आली तेव्हा बाहीचा शेवटचा मोर भरून मशीन थांबली होती. विश्वजित खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. काळ्या स्क्रीनवर एक गोल फिरत होता आणि त्याखाली आकडा होता, एक्केचाळीस टक्के. कॉम्प्युटर बंद करू नका, असंही लिहिलेलं होतं.

"विश्वा, काय केलंस?"

"झालं की. आता एका तासात हुतंय."

तिनं पिशवी टाकली आणि वाकून थेट भिंतीतला प्लग उपटला. स्क्रीन गेला. लाल पंखे फिरायचे थांबले.

विश्वजित उठला तो खुर्ची मागं पाडूनच. त्यानं उजव्या हातानं तिचं मनगट धरलं. डावं मनगट, पट्टी बसवलेलं.

"विश्वा, सोड. ते मनगट सोड."

त्यानं पिळलं. आत लोखंडावर हाड घासल्यासारखं झालं आणि तिच्या डोळ्यांपुढं पांढरं झालं. मग त्यानं डाव्या हातानं तिच्या थोबाडीत मारली. एकदा, आणि ती किंचाळली म्हणून आणखी एकदा. तिचं डोकं भरतकामाच्या मशीनच्या कडेवर आदळलं. "माझं वाटोळं केलंस! भरती गेली, हे बी गेलं!" तो ओरडत होता आणि मनगट सोडत नव्हता.

तिचा उजवा हात टेबलावर काहीतरी शोधत होता. कापड कापायची मोठी कातर हाताला लागली. ती मिटलेली होती की उघडी, हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही. जो हात तिला धरून होता, त्याच्यावर तिनं जोर लावून मारली.

हात सुटला. विश्वजित ओरडला नाही. तो आपल्या अंगठ्याच्या बुडाकडं बघत राहिला. तिथलं कातडं उघडं पडलं होतं आणि अंगठा खाली लोंबत होता, जसा काही दुसऱ्याचाच आहे. मग रक्त आलं, आणि ते थांबेना. कीबोर्डवर, फरशीवर, मोराच्या बाहीवर.

बाळासो परसातनं धावत आला. त्यानं पोराचा हात बघितला, लेकीच्या हातातली कातर बघितली, आणि कोपऱ्यातली कापड मोजायची लाकडी पट्टी उचलली. पहिला फटका खांद्यावर बसला. क्रांती वळली तोच मागनं कुणीतरी तिला घट्ट मिठी मारली. बांगड्या वाजल्या. आई होती.

"पोरी, टाक गं कातर, टाक," तानाबाई रडत म्हणत होती आणि तिचे दोन्ही दंड आवळून धरत होती.

क्रांतीनं कातर टाकली. आईनं तिला सोडलं नाही. बाळासोची पट्टी पोटावर, बरगडीवर, परत बरगडीवर बसत राहिली. हात आडवा घालायला क्रांतीला हात नव्हते. तिसऱ्या की चौथ्या फटक्याला पट्टी मोडली, तेव्हा त्यानं मोडका तुकडाच हाणायला सुरुवात केली.

"आबा, बास!" विश्वजित फरशीवरनं ओरडला. "मी आधी मारलंय तिला! आबा, मी मारलंय!"

बाळासोला ऐकू गेलं नाही, की त्यानं ऐकलं नाही. विश्वजित उठला आणि रक्ताळलेला हात बापाच्या छातीवर ठेवून त्यानं त्याला ढकललं. पांढऱ्या सदऱ्यावर पंजा उमटला. मग तो तिथंच गुडघ्यावर आला आणि आडवा झाला.

तेव्हा सगळे थांबले.

बाळासो आणि तानाबाई पोराला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात गेले. जाताना आईनं दार ओढून घेतलं. क्रांती भिंतीला टेकून बसली होती. श्वास घेतला की बरगडीत सुरी फिरत होती. थोड्या वेळानं ती उठली, चपला घातल्या आणि चालत बाजारगल्लीत गेली. रस्त्यात दोघातिघांनी तिच्या तोंडाकडं बघितलं, पण कुणी काही विचारलं नाही.

शाहबाजच्या दुकानाला लागूनच त्याच्या आईचं, ताजबीचं शिलाईचं दुकान होतं. ताजबीनं तिला बघितलं आणि पायाखालची मशीन थांबवली.

"कुणी केलं गं? तो कागलवाला आला हुता का?"

"न्हाय चाची," क्रांती म्हणाली. "घरातलं हाय."

ताजबी तिला डॉक्टरकडं घेऊन गेली, त्यानं दोन बरगड्यांना तडे गेल्याचं सांगितलं, आणि त्या रात्रीपासून ती ताजबीकडंच राहिली. ताजबी तिला म्हणाली, "सोमवारी ठाण्यात जायाचं. मी येते."

"कुणाकुणाचं नाव लिहू, चाची?"

"ज्यानं ज्यानं हात लावला त्याचं."

"आईनं नुसतं धरलं हुतं."

ताजबीनं औषधाची गोळी तिच्या हातावर ठेवली. मग म्हणाली, "ते तू ठरव."

सोमवारी क्रांतीनं तक्रार दिली. बापाचं नाव लिहिलं, भावाचं लिहिलं. आईचं सांगितलं नाही. "आणि कातर मी मारली, तेबी लिहा," ती हवालदाराला म्हणाली. त्यानं मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि लिहिलं. दवाखान्यात मात्र बाळासोनं पोरगा कातरीवर पडल्याचं सांगितलं होतं, आणि विश्वजितनं त्याला होकार दिला होता. अंगठा हलवणारी स्नायूची दोरी तुटली होती, ती जोडली. तीन महिने हातानं काही धरायचं नाही, आणि पुढचं पुढं बघू, असं डॉक्टर म्हणाले. रविवारची मॅच संघ चौघांत खेळला आणि हरला.

ठाण्यात बाळासोला बोलावलं तेव्हा क्रांती बाकावर बसली होती. तो तिच्यासमोरून गेला. दोन वर्षांमागं याच बाकावर तो तिच्या शेजारी बसला होता, सयाजीच्या विरोधात. "आमचं दार तुला बंद," तो जाता जाता म्हणाला. तिला वाटलं होतं आपण रडू. ती रडली नाही. तिला त्याच्या सदऱ्याची कॉलर दिसली, आईनं नीट इस्त्री केलेली.

अनुजाचे राहिलेले ब्लाऊज तिनं ताजबीच्या दुकानात बसून हातानं पुरे करायला घेतले. ताजबी आणि ती, दोघींनी मिळून. नऊपैकी सात झाले, दोन राहिले. अनुजा आली आणि सातच घेऊन गेली.

तीन आठवड्यांनी विश्वजित ताजबीच्या दारात आला. शाहबाजच्या टेम्पोत डबा होता आणि भरतकामाची मशीन. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला.

"आबा घरात नव्हतं, तवर काढलं," तो म्हणाला. "आईनं मदत केली."

क्रांती उंबऱ्यातच उभी राहिली. तो एक पाय आत टाकायला गेला.

"तिथंच थांब."

तो थांबला.

शाहबाजनं मशीन उतरवता उतरवता सांगितलं, "ताई, डबा चालू करून बघितला मी. अपडेट अर्धवट राहिल्यालं, त्यानं आपलं आपण माघारी घेतलं सगळं. दहाच हाय अजून. तुझी डिझाइनं हायत."

विश्वजितच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्याला हे माहीत नव्हतं. "म्हणजे काहीच झालं न्हवतं," तो म्हणाला.

 क्रांतीनं शाहबाजला ग्राफिक्स कार्ड काढायला सांगितलं. पंखेही. ते पिशवीत भरून तिनं स्वतःच्या हातानं विश्वजितच्या डाव्या हातात दिलं.

"आक्का, मला खरंच वाटलं नव्हतं, मी हात उचलंन म्हणून."

"सयाजीलाबी वाटलं नव्हतं."

त्याचं तोंड वाकडं झालं. तो लहानपणी रडायच्या आधी असाच दिसायचा. क्रांतीला ते माहीत होतं, तिचा हात पुढं जाऊ बघत होता, आणि तिनं तो दाराच्या कडेवर दाबून ठेवला.

"अंगठा हलतोय?" तिनं विचारलं.

"थोडा. पेला धरता येत न्हाय."

"तेल लावू नगोस. डॉक्टर सांगतील तेच कर."

"व्हय."

"मी घराकडं येणार न्हाय, विश्वा. तूबी आत येऊ नगोस. फोन कर. उचलावा वाटला तर उचलीन."

तो गेला. शाहबाज त्याच्या मागोमाग टेम्पोकडं गेला आणि बराच वेळ दोघं तिथं उभे राहिलेले तिला दिसले.

संक्रांत झाली, पौषामुळं लग्नं अजून थांबलेली होती, हातात एकही ऑर्डर नव्हती. अशा एका बुधवारी दुपारी क्रांतीनं शाहबाजला सांगितलं, "टाकू या अकरा. दहाला आता कंपनीच बघत न्हाय."

"किल्ली चालली न्हाय तर?"

"न्हाय चालली तर बघू."

तिनं स्वतःच बटण दाबलं. दोन तास लागले. मध्ये ताजबीनं चहा आणला, एक गिऱ्हाईक साडीला फॉल लावायला येऊन गेलं. अकरा आलं. किल्ली चालली नाही. शाहबाजनं तीन-चार तऱ्हा करून बघितल्या, मग मान हलवली. जुनी सगळी डिझाइनं आता नुसती चित्रं होती, मशीन त्यातलं एकही भरू शकत नव्हती.

 क्रांतीनं शाहबाजला नवं सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं ते विचारलं, वही काढली, आणि एकेक चित्र समोर ठेवून पहिल्यापासून टाके मोजायला लागली.