जिन्याखालचं मशीन

सर्व्हर रीस्टार्टला टाकून पंचवीस मिनिटं झाली होती, तरी पडद्यावरची शेवटची ओळ हलत नव्हती. नलिनीने ती पुन्हा वाचली. नेटवर्कवरची बॅकअपची कुठलीशी जागा बंद होण्यासाठी सर्व्हर खोळंबला होता. किती वेळ, याला मर्यादा नाही, असंही तिथेच लिहिलेलं.

प्रतापनगरच्या रक्तपेढीत नलिनी सत्तावीस वर्षं होती. आली ती रक्तगट तपासायला. कॉम्प्युटर नंतर गळ्यात पडला. तो शिकवला श्रीपतरावांनी. हा लिनक्सचा सर्व्हर त्यांनीच उभा केला आणि एकहाती सांभाळला. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत अर्धांगवायूने त्यांना अंथरुणाला खिळवलं. आठवडाभर सर्व्हर रखडत चालला होता, म्हणून आज नलिनीने तो आपल्याच जबाबदारीवर रीस्टार्ट केला होता.

बाहेर बाकावर पादरा गावाहून आलेला एक गुजराती बाप बसला होता. त्याच्या मुलीला थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त लागे. इतक्यांदा रक्त घेतल्यामुळे आता नुसता गट जुळून भागत नसे. कोणतं रक्त तिला सोसत नाही, याची नोंद सर्व्हरवर होती. ती मिळाली नाही तर सगळ्या तपासण्या पहिल्यापासून, म्हणजे रक्त उद्या. आणि पोरीचं हिमोग्लोबिन पाचावर आलेलं.

"बेन, हजी केटली वार?" अजून किती वेळ, असं त्याने दारातून विचारलं.

"थोडी वार, भाई. बेसो," ती म्हणाली आणि हाताने बाकाकडे खूण केली.

बटण दाबून वीज तोडावी, तर डिस्कवर अर्धवट लिहिलेलं बिघडायची भीती. शेवटी तिने दांडिया बाजारात श्रीपतरावांच्या घरी फोन लावला. त्यांच्या पत्नी कांचनवहिनींनी उचलला.

"अगं, त्यांचं बोलणं आता मलाच काय ते कळतं. तू सांग, मी विचारते."

नलिनीने ओळ वाचून दाखवली. पलीकडून जड, घोगरे आवाज आले.

"म्हणतायत, जिन्याखालचं मशीन चालू आहे का?"

जिन्याखालचा तो धुळकट डबा गेल्या आठवड्यात भंगारात गेला होता. भंगाराच्या यादीवर सही नलिनीची होती. नोंदींची रोजची प्रत त्यात जाते, हे श्रीपतरावांनी कधी सांगितलं असेल. तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. सर्व्हर त्याच डब्याची वाट पाहत अडकला होता.

"ते काढलं," ती म्हणाली. "मीच काढायला सांगितलं."

पलीकडून पुन्हा घोगरे आवाज आले.

"वीज तोडू नकोस म्हणतायत," वहिनी म्हणाल्या. "ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धर. आता एस दाब. दहा आकडे मोज. मग यू. थांब. मग बी. मला यातलं काही कळत नाही हो, ऐकते तसं सांगते."

पहिल्या अक्षराने लिहायचं राहिलेलं डिस्कवर गेलं, दुसऱ्याने डिस्कवर लिहिणं बंद झालं, तिसऱ्याने मशीन नव्याने सुरू झालं. सुरू होतानाही ते त्याच भंगारात गेलेल्या डब्याला शोधू लागलं. मग श्रीपतरावांच्या सांगण्यावरून, वहिनींच्या तोंडून एकेक अक्षर घेत, नलिनीने सर्व्हरच्या सेटिंगमधली त्या डब्याला जोडणारी ओळ शोधली आणि निकामी केली.

पावणेबाराला मुलीची नोंद समोर उघडली.

"चालू झालं," ती फोनवर म्हणाली.

"ठेवू नकोस. विचारतायत, रक्त कोणाला हवं होतं?"

"पादरा गावची मुलगी आहे. नऊ वर्षांची."

"पिशवी चढली की कळव म्हणतायत."

दोनला पिशवी चढली. नलिनीने कळवलं, आणि संध्याकाळी स्वतः त्यांच्या घरी गेली.

श्रीपतराव उशांना टेकून बसले होते. चेहरा एका बाजूला ओढलेला.

"माझं चुकलं, सर," ती म्हणाली. "न विचारता सही केली."

ते काहीतरी बोलले. वहिनी म्हणाल्या, "म्हणतायत, मी लिहून ठेवायला हवं होतं."

मग सर्व्हरची सगळी माहिती उतरवायला श्रीपतरावांनी वही मागवली. एक अक्षर उच्चारायचे, दम खायचे. वहिनी चष्मा लावून ते देवनागरीत, गोल वळणात लिहीत आणि वाचून दाखवत. बरोबर असेल तर ते डोळे मिटून उघडत. तासाभरात दीड पान झालं.

"द्या, मी लिहिते," नलिनीने हात पुढे केला.

वहिनींनी वही दिली नाही. "तुला नाही कळायचं ते काय म्हणतात," त्या हलकेच म्हणाल्या. पदराने त्यांनी नवऱ्याच्या ओठांचा कोपरा टिपला आणि पेन पुन्हा कागदाला टेकवलं.