रोजची दहा मिनिटं

गाडी घेताना उत्कर्षने मांडलेला हिशेब चोख होता. गोत्रीहून हालोलच्या कारखान्यात रोजचं जाणं-येणं, म्हणजे डिझेलच परवडणार. डिझेल गाडीची देखभाल महाग, हे त्याला ठाऊक होतं. पण रोज पळणाऱ्या गाडीला ती जड जात नाही. एकच गोष्ट त्याने धरली नव्हती. बेचाळिसाव्या वर्षी तो स्वतःच गेला आणि गाडी मागे उरली.

त्याची बायको नीलिमा स्कूटरवरून बँकेत जायची, चारचाकी तिला येत नव्हती. सासरे आप्पा कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी जन्मात सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं. पण डिझेलचं इंजिन बंद राहिलं की मरतं, असं बागेत त्यांना कोणीतरी सांगितलं. सांगणाऱ्याचं काय जातं! आप्पा मात्र कामाला लागले. रोज सकाळी पूजा आटोपली की खाली जायचं, उत्कर्षच्या सीटवर बसायचं आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. उत्कर्षने मागे सरकवलेली सीट त्यांनी पुढे घेतली नव्हती. पाय जेमतेम पोचायचे, तरी स्टिअरिंग धरून ताठ बसायचे.

"काका, बंद करो ने! आखो धुमाडो रसोडामां आवे छे," पहिल्या मजल्यावरच्या सुनंदाबेन स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर हाताने वारत ओरडायच्या. आप्पा हात जोडायचे आणि दहा मिनिटं पुरी करूनच वर यायचे.

बॅटरी दोनदा गेली. मग इंजेक्टर, मग कसला तरी सेन्सर. न चालणारी गाडी एवढं खाते कसं, हे नीलिमाला उमगेना. तरी ती मुकाट्याने पैसे भरत राहिली, कारण ती दहा मिनिटं सोडली तर म्हाताऱ्याचा अख्खा दिवस खुर्चीत जायचा. शिवाय गाडी विका म्हणायला तोंड उघडलं, तर भलतंच काही बाहेर पडेल याची तिला धास्ती होती.

उत्कर्ष गेला त्या रविवारी त्याच्या छातीत जळजळत होतं. नीलिमा रिक्षा आणायला निघाली होती. "ॲसिडिटी आहे, मी बघतो," म्हणून आप्पांनीच तिला थांबवलं. त्याला सोडा पाजला, पाठ चोळली, निजवलं आणि तासभर उशाशी बसून राहिले. तासभर आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. आप्पांनी पुन्हा तो विषय काढला नाही, तिनेही नाही. दोन वर्षं दोघं एका घरात गोडीगुलाबीने राहिली. त्या गोडीची नीलिमाला कधीकधी शिसारी यायची.

मग एका सकाळी गाडीने पांढरा धूर ओकला आणि ती बंद पडली. टो करून ती फतेगंजला मयंकच्या गॅरेजमध्ये नेली. मयंक उत्कर्षचा शाळेपासूनचा दोस्त. संध्याकाळी नीलिमा बँकेतून परस्पर तिथे गेली.

"वहिनी, ही गाडी चालवत कोण होतं?"

"कोणीच नाही. आप्पा रोज सकाळी नुसती सुरू करतात."

मयंकने कपाळाला हात लावला. "अरे भगवान, तेच नडलं. उभ्या गाडीत इंजिन बराबर तापतच नाही ने. काजळी सगळी फिल्टरमध्ये साठली, डिझेल ऑइलमध्ये उतरलं, त्यात टर्बो पण गेला. नुसती बंद पडून राहिली असती ने, तर एका बॅटरीवर भागलं असतं."

"खर्च किती?"

"अडीच लाख धरा. गाडीचे तेवढे पण यायचे नाहीत. भंगारात देऊन टाका." मग तो घुटमळला. "काकांना हे नका सांगू हं. पार्ट मिळत नाही, एवढंच सांगा."

नीलिमाने मान डोलावली. घर येईपर्यंत ती तेच वाक्य मनात घोकत होती.

आप्पांनी खिचडी टाकली होती. ती हात धुऊन बसली तेव्हा ते म्हणाले, "मला ताप होता तेव्हा चार दिवस मी खाली गेलो नाही. त्यानेच बिघडली बघ. आता दुरुस्त होऊन आली की दोन्ही वेळा चालू करत जाईन. अर्धा-अर्धा तास."

"आप्पा, तिचा पार्ट मिळत नाही म्हणे."

"कुठला पार्ट?"

तेवढी तयारी तिने केली नव्हती. जन्मभर कचेरीत लोकांच्या सबबी ऐकलेला तो माणूस काय ते समजला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "गाडीचंही माझ्याच हातून झालं का?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. तिच्या मनात काय आहे, तेही माहीत होतं, आणि ते उरात ठेवून हा माणूस दोन वर्षं तिला चहा करून देत होता. नाही आप्पा, एवढंच म्हणायचं होतं. या म्हाताऱ्यावर तिचा जीव होता. रागही होता, आणि तो या दोन वर्षांत तसूभर कमी झाला नव्हता.

"हो," नीलिमा म्हणाली.

एकदा बोलून टाकलं की मोकळं वाटेल, असं तिला वाटत आलं होतं. तसलं काही झालं नाही. आप्पांनी दोनदा मान हलवली. मग उठून तिच्या ताटात खिचडी वाढली, वर तूप घातलं. तूप ताटाबाहेर सांडलं.

"जेव," ते म्हणाले. "दिवसभराची उपाशी असशील."

स्वतःचं ताट त्यांनी घेतलं नाही. नीलिमा खाली मान घालून जेवली.