पहिलीची पट्टी

ल्येर्काच्या पहिल्या थपडेसरशी मोरानाची लिपस्टिक आरशावर फरफटली. दुसरीने ओठ फुटला.

"चोरटी! रेडिओवर गळा माझा आणि नाव तुझं?"

मोराना खुर्चीसकट भिंतीवर आदळली. 'श्कुरा' बँडची ती चौथी गायिका. ल्येर्का पहिली. भित्तिपत्रकांवरचे चेहरे बदलत गेले. ध्रुवपदांची टेप मात्र बँडप्रमुख व्येकोने कधीच बदलली नाही. तिच्यात ल्येर्काचा विशीतला आवाज होता, आणि येईल तिला त्याच पट्टीत, त्याच आवाजावर आपला आवाज चढवावा लागे.

"मारा, मावशी," मोराना रक्त पुसत म्हणाली. "टेप बंद कर म्हणून मीच भांडते त्याच्याशी. तुमच्या पट्टीत माझा गळा सोलून निघतो."

"नाटकं! स्वतःचा गळा असता तर ही वेळ आली असती?"

तेवढ्यात व्येको आत आला. त्याने ल्येर्काचा दंड पिरगाळून तिला बाहेर ढकलले.

"म्हातारे, घरी जाऊन सार्डिन मासे साफ कर!"

मग मोरानाचे केस धरून तिची मान वर केली.

"नुसतं तोंड हलव. लोकांना टेपच हवीय."

ओपातियाचा किनारा माणसांनी फुलला होता. ल्येर्का घरी गेली नाही; मंचामागे, पडद्याच्या सावलीत, टेपयंत्राशेजारी उभी राहिली. ध्रुवपद आले. तिचाच आवाज, कोवळा आणि निर्धास्त, समुद्रावर पसरला आणि लोक बेभान झाले. क्षणभर तिचे डोळे मिटले. मग तिने यंत्राची विजेची पिन उपसली. कळू दे लोकांना, पोरीपाशी काय आहे ते.

वाद्ये अडखळून थांबली. शिट्ट्या झाल्या. एक बाटली मंचावर फुटली.

मोरानाने काचांवरून पाय उचलला आणि ध्रुवपद पुन्हा धरले, दोन स्वर खालून. गिटारवाला चाचपडला, मग त्याला वाट सापडली. आवाज जाड होता, सावळा, छातीतून वर येणारा. फुटक्या ओठातले रक्त माइकवर उतरत होते. हा आवाज ल्येर्काने कधी ऐकला नव्हता. कुणीच ऐकला नव्हता.

व्येको धावत आला.

"पिन लाव!"

त्याचा ठोसा ल्येर्काच्या बरगडीत बसला. ती गुडघ्यांवर कोसळली, पण पिन मुठीतच राहिली. तो तिची बोटे एकेक करून उलगडू लागला. करंगळी कडकन मोडली.

"वेडे, तुझाच आवाज आहे त्यात! तुझाच!"

"ठाऊक आहे," ल्येर्का म्हणाली, आणि उरलेली बोटे तिने आणखी घट्ट आवळली.