मी, जोतिबाचा डोंगर चढणारी स्कूटर

मी स्कूटर बोलतेय. दचकू नका, हॉर्न वाजवत नाही, नुसती बोलतेय. कोल्हापुरात तुम्ही मला पाहिलं असेल तर लक्षात राहिले असेन, कारण मला चार चाकं आहेत. पुढे एक, मागे एक आणि मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना जोडलेली दोन लहान. त्यामुळे मला स्टँड लागत नाही. पोरं मला बघून हसतात, हॉर्न मारत पुढे निघून जातात आणि सिग्नलला मी पुन्हा त्यांच्याच शेजारी येऊन उभी राहते.

जन्माने मी साधी दुचाकी. इंजिन लहान, भाजी आणावी, पोराला शाळेत सोडावं, एवढ्याच ताकदीचं. माझा पहिला मालक राजारामपुरीतला एक कापड दुकानदार. दसऱ्याला त्याने मला घरी आणलं, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. चार वर्षं मी त्याचं दुकान आणि घर केलं. मग त्याने मोटार घेतली आणि मी दुकानामागे रिकाम्या खोक्यांखाली गेले. माणसं वस्तूला एकदम विसरत नाहीत. आधी पुसायचं सोडतात, मग हवा भरायचं, मग किल्ली कुठे ठेवली तेच आठवत नाही. माझ्या सीटमध्ये उंदराने संसार मांडला होता.

तिथून मला बाहेर काढलं आण्णांनी. आण्णा उद्यमनगरातले जुने लेथवाले, आता निवृत्त. उभ्या जन्मात तालीम सोडली नाही, म्हणून सत्तरीतही मान बैलासारखी. त्यांना मी हवी होते ती त्यांच्या लेकीसाठी. संयोगिताचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. ती पायाला लोखंडी कॅलिपर बांधून, काठी टेकत चालते. आण्णांनी मला उद्यमनगरात नेलं आणि ही दोन जादा चाकं जोडून घेतली.

पहिल्या दिवशी ती माझ्यावर बसली आणि एकटी रंकाळ्यावर गेली. तळ्याला फेरी मारली, भेळ खाल्ली, परत आली. बस्स, एवढंच. पण घरी आल्यावर ती किती तरी वेळ माझं हँडल सोडेना. "आण्णा, मी एकटी गेलतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, पुरुषासारखं गेलतो, आलतो. ज्या रस्त्याने सगळं गाव रोज जातं त्या रस्त्याने एकटं जाण्यात एवढं काय असतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी थक्क झाले.

मग एका माघात संयोगिताला नोकरी लागली. जोतिबाच्या डोंगरावरच्या एका शाळेत, ऑफिसात कारकून. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी शाळा उघडायच्या वेळेला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. घरी बसून लोकांची टायपिंगची कामं करणारी ती, तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खुर्ची मिळणार होती. एसटीच्या उंच पायऱ्या तिला चढवत नाहीत. रोजची रिक्षा परवडायची नाही. म्हणजे उरले मी.

वाटेत काही बिघडलं तर हाताशी असावेत म्हणून आण्णांना मागे बसवून तिने मला चाचणीला काढलं. पायथ्याच्या केर्ली गावापर्यंत मी ऐटीत गेले. पुढे चढ लागला. तुम्ही मोटारीतून जाता तेव्हा तो घाट तुम्हाला किरकोळ वाटतो. मला खालून तो आभाळाला टेकलेला दिसला. दोन माणसं, दोन जादा चाकं, त्यांचा लोखंडी सांगाडा. मी हुंदके देत निम्म्यावर गेले आणि मोठ्या वळणावर बंद पडले. मागून चालत येणारे भाविक धावले. "बसा ताई, उतरू नका!" म्हणत, चांगभलंचा गजर करत त्यांनी आम्हाला वळण पार करून दिलं. माणसं चांगली होती. पण संयोगिता मान खाली घालून बसली होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "देवाला जाताना ढकलतील ओ. रोज हापिसला जाताना कोण ढकलणार मला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी अंगणात पोतं अंथरलं, पान्हे मांडले आणि मला उघडलं.

स्वतःला आतून बघण्याचा योग तुम्हाला येत नाही, मला आला. संयोगिता मोबाईलवर माहिती काढायची, मोठ्याने वाचायची आणि आण्णा हात चालवायचे. नवं काही विकत घ्यायचं नाही, आहे त्यातूनच ताकद काढायची असं ठरलं होतं. "पैलवान मोठा करता येत न्हाय," आण्णा म्हणाले, "पर चपळ करता येतोय की." त्यांच्या लेखी मी आता स्कूटर उरले नव्हते. मी त्यांच्या तालमीतली पोरगी झाले होते.

आधी वजन उतरवलं. पुढचा लोखंडी गार्ड गेला, मागचं कॅरिअर गेलं, स्टेपनी गेली. जादा चाकांच्या लोखंडी सांगाड्याला त्यांनी जागोजागी भोकं पाडली, मजबुती राहील आणि भार जाईल अशी. मागचा ब्रेक चाकाला घासत होता, तो मोकळा केला. सायलेन्सर उलटा करून सोड्याच्या गरम पाण्याने धुतला. त्यातून इतकी काजळी निघाली की मला लाज वाटली.

मग माझ्या डाव्या अंगाची डबी उघडली. तिच्यात एक रबरी पट्टा फिरतो आणि सहा गोल रोलर असतात. हे रोलर जड असले की मी सपाटीवर जोरात पळते, पण चढावर दम टिकत नाही. हलके केले की पळणं कमी होतं आणि चढ चढता येतो. आण्णा ते खिशात घालून उद्यमनगरात गेले आणि ओळखीच्या लेथवर एकेकाच्या पोटातून भुगा काढून आणला. पण सहाही सारखे हवेत, नाहीतर मी थरथरणार. घरचा तराजू भाजीचा. म्हणून बापलेक माझे सहाही रोलर रुमालात बांधून गुजरीत गेले, सराफाच्या पेढीवर.

सराफाने काचेतल्या काट्यावर तो काळा, तेलकट रोलर ठेवला आणि वर बघितलं. "पावणं, ह्यात सोनं न्हाय हो."

"आमच्यासाठी हाय," संयोगिता म्हणाली.

त्याने सहाही तोलून दिले. एक किंचित जड निघाला तर आण्णांनी तिथेच पायरीवर बसून तो कानशीने आतून घासला आणि पुन्हा काट्यावर ठेवला. शेजारी एक बाई मंगळसूत्र तोलून घेत होती. तिचे मणी ज्या काट्यावर तोलले जात होते, त्याच काट्यावर माझं आतडं तोललं जात होतं. माणसांच्या हातांविषयी मला कायम कुतूहल वाटतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा आदर वाटला.

शेवटी आण्णांनी एक काम केलं जे मोबाईलने करू नका म्हणून सांगितलं होतं. माझ्या नाकाशी हवा गाळणारी एक जाळी असते, एअर फिल्टर. ती त्यांनी काढून फळीवर ठेवली.

"आण्णा, कचरा जाईल आत," संयोगिता म्हणाली.

"पैलवानाच्या नाकाला फडकं बांधून कुस्ती खेळवतीस व्हय? छाती भरून वारं घेऊ दे की तिला!"

खरं सांगते, मलाही आण्णांचंच पटलं होतं. फिल्टरशिवायचा पहिला श्वास मी कधी विसरणार नाही. आवाज भारदस्त झाला, अंगात वारं भरलं. गल्लीतून निघाले तेव्हा ओट्यावर बसलेल्या पोरांनी वळून बघितलं.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्यांनी मला पुन्हा डोंगरावर काढलं. मोठं वळण आलं. आण्णा मागे बसलेले, संयोगिता पुढे वाकलेली, आणि मी चढले. थांबले नाही, हुंदका दिला नाही, चढतच गेले. वर पोचल्यावर पन्हाळा समोर दिसला, खाली उसाची हिरवी शेतं, आणि या सगळ्याच्या वर मी, बाजारहाटाची स्कूटर. आनंदाने माझं इंजिन धडधडत होतं. आण्णा डोळे पुसत म्हणाले, "बघ! म्हटलं न्हवतं?"

पण तो माघातला रविवार होता, खेट्यांचा, म्हणजे जोतिबाच्या पायी वारीचा. कोल्हापूरपासून अनवाणी चालत आलेली माणसं देवळापाशी गुलाल उधळत होती. हवाच गुलाबी झाली होती, छपरं, झाडं, माणसांच्या पापण्या, सगळं. संयोगिताने मला गर्दीच्या कडेला चालू ठेवूनच उभं केलं, पुन्हा सुरू करायचे कष्ट नकोत म्हणून. आणि मी, नाकाला जाळी नसलेली, छाती भरभरून तो गुलाल ओढत राहिले.

थोड्याच वेळात मला ठसका लागला. मग घसा बंद झाला. मग मीच बंद पडले.

आण्णांनी किका मारल्या, शिव्या दिल्या, देवाला हाक मारली. संयोगिताने काठी बाजूला ठेवली, खाली बसली आणि माझ्या नाकात डोकावली. आतली सगळी नळी गुलाबी झाली होती. तिने बोट फिरवून आण्णांच्या पुढे धरलं. ते बघून आण्णांचा चेहरा पडला.

बाजूला झुंबरबाईंचं नारळ-गुलालाचं दुकान होतं. त्यांनी सावलीला जागा दिली, पेढ्यांचा रिकामा डबा दिला. "माझ्याच दुकानचा असंल गं त्यो गुलाल," त्या हळहळल्या. डब्यात पेट्रोल काढून संयोगिताने माझा कार्ब्युरेटर सुटा केला. आठवडाभर आण्णांचे हात बघून ती शिकली होती. एक बारीक भोक काही केल्या मोकळं होईना. झुंबरबाईंनी केरसुणीची एक काडी मोडून दिली, तिने ते झालं. लेकीचे हात चालत होते आणि आण्णा आज नुसते पान्हे पुढे करत होते. दुपार कलायच्या आत मी पुन्हा खोकत, गुलाबी धूर सोडत सुरू झाले.

घरी आल्याबरोबर संयोगिताने फळीवरची जाळी उचलली.

"ती लावलीस तर उद्या चढणार न्हाय," आण्णा म्हणाले.

"हळू चढंल आण्णा. पर रोज चढंल."

आण्णांनी तिच्याकडे बघितलं, मग स्वतःच पान्हा घेतला आणि जाळी बसवून दिली.

सोमवारी आम्ही निघालो. संयोगिताने इस्त्रीची साडी नेसली होती. आण्णांनीही धुवट सदरा घातला होता, कारण लेकीला खुर्चीवर बसवूनच परतायचं त्यांनी ठरवलं होतं. आठवडाभर ते सगळ्या गल्लीला तेच सांगत होते. केर्ली मागे पडली, चढ सुरू झाला आणि माझा आवाज जड झाला. मी सगळा जोर लावत होते. तरीही मला माहीत होतं की मोठ्या वळणापर्यंत माझा दम पुरणार नाही. संयोगितालाही ते हँडलमधून कळत असणार. घड्याळाकडे दोनदा बघितलं तिने.

आण्णांनी आयुष्यभर मशिनींचे आवाज ऐकले होते. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबव."

ती थांबली. ते उतरले. माझा मागचा भाग एकदम वर आला, कॅरिअर काढलं तेव्हा आला होता त्याच्या कितीतरी पट.

"आण्णा, बसा. जाऊ दोघं. बंद पडली तर बघू."

"काढायचं एवढंच राहिलंतं," ते हसत म्हणाले. पण हसू नीट जमलं नाही त्यांना. "जा आता. मागं बघू नगंस, वळणावर गाडी हलती."

संयोगिताने मागे बघितलं नाही. आरसा मात्र बोटाने किंचित वळवून घेतला. मग तिने मूठ पिळली. मी चढू लागले. हळू, चालणाऱ्या माणसाला गाठता येईल इतकी हळू, पण न थांबता. मोठ्या वळणावर दोन भाविक मदतीला धावले, तेव्हा तिने हात वर करून त्यांना थांबवलं. ते बाजूला उभे राहून बघत राहिले. आभाळाला टेकलेला तो रस्ता माझ्या चाकांखालून एकेक हात मागे सरकत होता. माझ्यावर बसलेल्या त्या एका पायाच्या बळाच्या बाईकडे बघून मला वाटलं, डोंगर मी नाही, ही चढतेय.

शाळेच्या फाटकात तिने फोन लावला. "पोचलो, आण्णा."

"ठावं हाय," पलीकडून आवाज आला. मागे रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. "हितंच उभा हाय. तुझ्या गाडीचा आवाज ऐकत हुतो. कुटंबी तुटला न्हाय." मग म्हणाले, "जा आत. घंटा झाली असंल."

तिने फोन पर्समध्ये टाकला, काठी घेतली आणि ऑफिसाच्या पायऱ्या चढली.

त्याला आता दोन वर्षं झाली. दिवसभर मी शाळेच्या आवारात उभी असते, रविवारी संयोगिता माझी जाळी धुते आणि आण्णा बाजूला बसून चुका काढतात. रंग उडालाय, एक आरसा फुटलाय, भोकं पाडलेल्या लोखंडाला गंज धरू लागलाय. केव्हातरी मी थकेन, तेही मला ठाऊक आहे. तोवर एकच मागणं. जोतिबाच्या घाटात तुमच्या पुढे चार चाकांची एक स्कूटर हळूहळू चढताना दिसली, तर हॉर्न वाजवू नका आणि ढकलायलाही येऊ नका. थोडी वाट द्या. पुढे ती एकटी जाईल.