पिठातलं चाक

औरादच्या बाजारात तंबूतला सिनेमा आला, तेव्हा गाव म्हैसूर राज्यात नवंनवं गेलं होतं. खेळाआधी कार्टूनची एक जुनंपानं रीळ दाखवायचे: झोपलेल्या माणसाला यंत्रच उठवतं, दात घासतं, घास भरवतं अन् शेवटी थोबाडीत हाणतं. सगळा तंबू खो खो हसला. एकटा किशनराव हसला नाही. कीर्तनाला बसल्यासारखा बसला, अन् घरी आला तो सायकलीची मोडकी रिंग खांद्यावर घेऊनच.

दारात त्यानं यंत्र बसवलं. उंबऱ्याजवळच्या फळीवर पाय पडला की दोरी ताणायची, रिंग फिरायची, अन् वर टांगलेला तांब्या आल्यागेल्याच्या पायावर पाणी ओतायचा. म्हणजे, ओतायला पाहिजे होता. तो डोक्यावरच ओतायचा. गावचे पाटील श्रीपतराव यांचा नवा फेटा भिजला, तेव्हापासून ते या घरी छत्री घेऊनच यायचे.

"पाय धुवायला पाणी मी देत न्हाई व्हय? कामून हा खटाटोप?" बायको, भागाबाई, करवादायची.

"वाकताना तुझी कंबर दुखती न्हवं," किशनराव म्हणायचा अन् पुन्हा दोरीला गाठ मारायचा.

गाठ जमायच्या आतच तो तापानं गेला.

त्यानं प्राण सोडला तिथं रीतीप्रमाणं पीठ पसरलं, वर टोपलं झाकलं. सकाळी पिठात ज्याचं पाऊल, त्याच्या जन्माला माणूस गेला, असं मानायचे. दीर बळीरामचा डोळा मात्र रिंगेवर. सुतक फिटलं की भंगारात घालायची, त्यानं सांगूनच टाकलं. भागाबाईला घरात नवऱ्याचं तेवढंच उरलं होतं.

सकाळी टोपलं उचललं. पिठात ना मुंगी, ना बैल, ना कावळा. या कडेपासून त्या कडेपर्यंत चाकाचा माग.

"चाकाच्या जन्माला गेला?" श्रीपतराव छत्री घट्ट धरून मागं सरकले.

"मेल्यावर बी धड जमलं न्हाई गड्याला," म्हातारी राजूबाई म्हणाली. कुणी हसलं नाही.

बळीराम भडकला. "वैनी, हे तुमचंच काम! रिंग काढून तुम्हीच फिरवली."

रिंग दारात होती तशीच; किशनराव आजारी पडल्यापासून सगळे मागच्या दारानंच ये-जा करत. आजारपणात धरलेलं कोळ्याचं जाळं तिच्यावर शाबूत, पिठाचा कण नाही.

"आत्ता उपटतो भूत!" म्हणत बळीराम तरातरा निघाला. फळीवर पाय पडला. जाळं तुटलं, रिंग कुईं करत फिरली, तांब्या कलला. बळीरामनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

पाणी नेमकं पायावर पडलं.

तो खाली बघत राहिला. मग हळूच फळीवरून उतरला, अन् रिंगेचं नावही न काढता मागच्या दारानं गेला.

भागाबाईनं तांब्यात हात घातला. नवरा अंथरुणाला खिळल्यापासून त्यात कुणी थेंब टाकला नव्हता. आत गारेगार ओल होती, आत्ताच विहिरीतून शेंदल्यासारखी.

"एवढ्या लांबून आणलं," ती रिकाम्या उंबऱ्याला म्हणाली, "तुमची कंबर न्हाई दुखली व्हय?"