हाकेच्या अंतरावरून

मित्रांनो, राजूरच्या बाजारगल्लीत रवी ताकसांडेचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, कडा घासून पांढुरका झालेला एक काळा कॅमेरा तुम्हाला दिसेल. तो मी. माझ्या मुठीचं रबर एकदा सुटलं होतं. रवीने ते पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवलं. म्हणून उन्हाळा तापला की मला सायकलच्या दुकानासारखा वास येतो.

मी दूरदेशीच्या कारखान्यात तयार झालो. माझी जात नवशिक्यांची. मोठ्या फोटोग्राफरांच्या गळ्यात जे भारी कॅमेरे असतात, त्यांच्यापुढे मी अगदी साधा. माझ्या पोटात एक छोटा आरसा आहे. बटण दाबलं की तो वर उचलला जातो आणि खट्ट असा आवाज होतो. समोरच्या माणसाला तो ऐकू जातो. फोटो निघाला, हे त्याला कळतं.

रवीने मला नागपूरहून आणलं तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. घरी येताच त्याने मला खोक्यातून काढलं आणि बायकोवर, दीपावर, रोखलं. ती दारात तांदूळ निवडत बसली होती.

"थांबा जरासक," ती म्हणाली. "केस त विंचरू द्या."

रवी थांबला. तिने केस विंचरले, टिकली सारखी केली आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं. मग मी तिचा फोटो काढला. माझ्या आयुष्यातला तो पहिला फोटो.

माझ्यासोबत आलेलं भिंग आखूड पल्ल्याचं होतं. लांबचं मला नीट दिसत नसे. चेहरा हवा असेल तर रवीला माणसाच्या जवळ जावं लागे. "मावशी, काढू का?" असं विचारावं लागे. बायका पदर सावरत, म्हातारे टोपी नीट करत, आणि एखादा सरळ "नको" म्हणे. मग आम्ही पुढे जायचो. लग्नं, बारशी, विहारातले कार्यक्रम, शाळेचं गॅदरिंग, सगळीकडे मी असे. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या हंसाबाईच्या मुलीचं लग्नही मीच टिपलं. पाठवणीच्या वेळी मांडवात उजेड कमी होता, तरी मुलीच्या डोळ्यांतलं पाणी फोटोत आलं. हंसाबाईने तो फोटो काचेत बसवून भिंतीवर लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. तेव्हा मला फार धन्य वाटलं.

पुढे सगळ्यांच्या हाती मोबाइल आले. लग्नात आमच्याआधी पन्नास हात वर होऊ लागले. कामं कमी झाली. रवीला सकाळी मोकळा वेळ मिळू लागला, आणि त्याला पक्ष्यांचा नाद लागला.

राजूरजवळ एक बंद पडलेली कोळशाची खाण आहे. तिच्या खड्ड्यात पाणी साचून तळं झालं आहे. खाणीतून उपसलेल्या मातीची बाजूलाच टेकडी झाली आहे. हिवाळ्यात त्या तळ्यावर बदकं उतरतात. रवी मला घेऊन टेकडीवर बसे, पण माझ्या फोटोत बदकं म्हणजे पाण्यावर सांडलेली मोहरी. जवळ जावं तर ती उडून जात. शेवटी रवीने नवा कॅमेरा घेतला.

खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला. त्याचं भिंग काढावं-बदलावं लागत नाही. बटण सरकवलं की त्याचं नाक पुढे पुढे निघतं आणि तळ्याच्या पलीकडचं बदक समोर येऊन बसतं. हळदी-कुंकू नावाच्या बदकाच्या चोचीवरचा पिवळा ठिपका मी त्याच्याच पडद्यावर पहिल्यांदा पाहिला. घरातल्या अंधुक उजेडात मात्र त्याचे फोटो रवाळ येत, माझे बरे येत. पण टेकडीवर उजेडाला काय तोटा? मी पिशवीत गेलो. नव्याची बॅटरी संपली तर असावा, म्हणून रवी मला सोबत ठेवी इतकंच.

अशाच एका सकाळी मी उघड्या पिशवीत होतो. थंडी होती, धुकं होतं, आणि सूर्य वर येत होता. बदकं आली नव्हती. रवीने नव्या कॅमेऱ्याचं नाक सहज दुसरीकडे वळवलं. खाली, दूर, रस्त्याच्या कडेला काही बायका ट्रकांतून सांडलेला कोळसा वेचत होत्या. त्यांच्यात हंसाबाई होती. तिच्या डोक्यावर पोतं होतं, तोंडातून वाफ निघत होती, आणि मागे कोळसा-डेपोतला काळा ढीग सोनेरी उन्हात चमकत होता. रवीने धडाधड फोटो काढले. नव्या कॅमेऱ्याचा आवाजही होत नाही.

घरी आल्यावर त्याने दीपाला दाखवलं. "हंसामावशी पाह्य कशी दिसते. उद्या नेऊन दाखवतो तिले."

पण दाखवायच्या आधीच त्याने तो फोटो मोबाइलवरून सगळ्यांसाठी टाकला. खाली लिहिलं, 'राजूरची सकाळ'. संध्याकाळपर्यंत कौतुकाचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी कुण्या बातम्यांच्या पेजने तो उचलला. रवीचे शब्द काढले आणि नवे लिहिले: 'डेपोतल्या कोळशावर दिवसाढवळ्या डल्ला'.

हंसाबाईला दाखवणं राहूनच गेलं. तीच एका दुपारी स्टुडिओत आली. मी तेव्हा कपाटात होतो. मला वाटलं, मुलीकडे जायचं असेल, फोटो काढायला आली असेल. पण ती उभीच राहिली.

"मावशी, बस ना," रवी म्हणाला.

"बसत नाई. बाबूसिंगनं मले कामावरून काढलं."

बाबूसिंग ट्रकवाल्यांसाठी खानावळ चालवतो. हंसाबाई तिथे भाकरी थापायची. नवरा गेल्यापासून त्याच कामावर तिचं घर चालत होतं.

"काहून काढलं?" दीपाने विचारलं.

"त्याच्या मोबाइलवर माहा फोटो आला. म्हणते, डेपोत चोरी करणारी बाई मले नको." तिने रवीकडे पाहिलं. "तू काढला म्हणतात. कुठून काढला रे? म्या त तुले पाह्यलंच नाई."

"टेकडीवरून, मावशी."

"तेवढ्या दुरून? तिथून त हाकबी येत नाई. मले कसा पुसशील तू?"

रवीने खिशातून मोबाइल काढला. तो म्हणाला, "मी फोटो आत्ता काढून टाकतो."

"टाक. पण तो आता गावोगाव गेला. आन् म्या डेपोत पाय नाई ठेवला. सडकेवर होती. सिगडीपुरतं येचत होती."

दीपाने मोबाइल हातात घेऊन फोटो निरखला. "मंग ढीग मावशीच्या पाठीले चिकटल्यासारखा काहून दिसते?"

रवीने फोटो पुन्हा पाहिला. मग हळूहळू सांगू लागला. खूप दुरून मोठं करून फोटो काढला की मधलं अंतर दबतं. मागची वस्तू पुढे ओढल्यासारखी दिसते. सडक आणि ढीग यांच्यामध्ये नाला होता, तारेचं कुंपण होतं, मोकळं रान होतं. फोटोत त्यातलं काहीच उरलं नव्हतं. हंसाबाई जणू ढिगावरच उभी होती.

"म्हणजे फोटो खोटा," दीपा म्हणाली.

"खोटा नाई. पण पाहणाऱ्याले खोटं समजते," रवी म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

दुसऱ्या सकाळी रवी, दीपा आणि हंसाबाई सडकेवर त्याच जागी गेले. रवीने दोन्ही कॅमेरे घेतले होते. आता मीही खरं सांगितलं पाहिजे. जवळून, रुंद असा फोटो नव्या कॅमेऱ्यालाही काढता आला असता. पण रवीने त्याला हात घालताच हंसाबाई म्हणाली, "त्यानं नको. तो दुसरा काढ. त्यानं माह्या पोरीचं लगन काढलं."

मी पिशवीतून बाहेर आलो. माझ्या भिंगावर धूळ होती. रवीने ती फुंकून, मऊ कापडाने पुसली.

तिथे हंसाबाईच्या सोबतीची रुखमाबाईही कोळसा वेचत होती. "माहा नको काढू बावा," ती म्हणाली आणि बाजूला झाली. ती पुरती बाजूला होईपर्यंत रवी थांबला. मग हंसाबाई आपलं पोतं घेऊन सडकेवर उभी राहिली. तिने पदर खोचला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. मी पुढून फोटो काढला. मग रवी बाजूला गेला आणि तिथून मी दुसरा काढला. त्यात अलीकडे हंसाबाई होती, मग नाला, मग कुंपण, आणि पार पलीकडे तो ढीग. दोन्ही वेळा खट्ट आवाज झाला. दोन्ही वेळा तिने विचारलं, "आला का?"

तिघं तसेच खानावळीत गेले. बाबूसिंगने मोबाइलवरचा जुना फोटो आणि माझ्या पडद्यावरचे नवे फोटो शेजारी धरून बराच वेळ पाहिले. मग तो वरमला.

"मले त डेपोतल्या सायबाचा फोन आलता," तो म्हणाला. "खानावळीचा ठेका जाईन म्हणून भेव वाटलं. उद्यापासून ये, मावशी."

"येतो," हंसाबाई म्हणाली. "पण बाबूसिंग, तो त टेकडीवर होता. तू त माह्याजवळ होता. मी तुह्या चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. तू काहून नाई पुसलं?"

आत भाकऱ्यांचा वास दरवळत होता. तिच्या जागी आलेली मुलगी तवा उतरवत होती. हंसाबाईने तिला नाव विचारलं आणि बाबूसिंगला सांगितलं, "इले काढू नको. गिऱ्हाईक लय हाये, दोघी करू."

रवीने नवे फोटोही सगळ्यांसाठी टाकले आणि खाली खरं काय ते लिहिलं. ते फार थोड्यांनी पाहिले. पहिला फोटो अजूनही कुणाकुणाच्या मोबाइलवर फिरतो. दूरच्या गावचा एखादा पाहुणा अजूनही हंसाबाईला ओळखून कुत्सित हसतो. निघून गेलेला फोटो परत बोलावता येत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

काही दिवसांनी तिनेच रवीला म्हटलं, "मले त्या टेकडीवर ने. तिथून कसं दिसते, पाहू दे."

रवीने तिला नेलं. नवा कॅमेरा तिच्या हाती दिला, नाक पुढे कसं काढायचं ते दाखवलं. मी रवीच्या खांद्यावर लटकलो होतो. हंसाबाईने एक डोळा मिटला आणि खाली सडकेकडे पाहिलं. ती हसली.

"अगं बाई, रुखमी. चप्पल काढून बसली. पायातला काटा काढून राह्यली."

"दाब ना बटण, मावशी," रवी म्हणाला. "बेस येईन."

तिने कॅमेरा डोळ्यापासून दूर केला. नुसत्या डोळ्यांनी तिने खाली पाहिलं. सडकेवर एक ठिपका होता. तिने कॅमेरा रवीला परत दिला.

"तिले ठाऊक नाई कोणी पाह्यते म्हणून," ती म्हणाली. मग काटा खोल रुतला असेल तर एकटीला निघायचा नाही, असं काहीसं पुटपुटत ती टेकडी उतरू लागली.

मित्रांनो, आता आम्ही दोघं एकाच फळीवर राहतो. नवा बदकांकडे जातो, मी माणसांकडे. माझा हेवा संपला आहे, आणि त्याच्यावर रागही नाही, कारण दोष त्याचा नव्हता. तुम्ही आम्हाला ओलीपासून, धुळीपासून जपा, आमची भिंगं मऊ कापडाने पुसा, ही माझी विनंती आहे. पण आमच्यापुढे जो येतो, त्याला आमच्याहून जास्त जपा. आम्ही बिघडलो तर जवळच वणी गावात दुरुस्तीचं दुकान आहे. माणसाचं नाव बिघडलं तर ते दुरुस्त करून देणारं दुकान मी अजून कुठे पाहिलेलं नाही.